भगवानमामांचं चुंबक

“मॅडम, शेवटची ओळ बी वाचली मी. आता फिटनेस देऊन टाका.”

संतोषने खरंच शेवटची ओळ वाचली होती. उजव्या डोळ्याने वाचली, डाव्यानेही वाचली, आणि मधे कुठे अडखळलाही नाही. तरी मी त्याला खुर्चीवरून उठू देत नव्हते. बाहेर त्याच्या मिलचे पर्सोनेल ऑफिसर काळेसाहेब घड्याळाकडे बघत बसले होते. संतोष तिथे फिटर होता आणि त्याला क्रेनवर घ्यायचं ठरलं होतं. क्रेन म्हणजे शेडच्या छताखाली रुळांवरून फिरणारी. तिची केबिन उंचावर असते, भट्टीची झळ तिथे कमी लागते, पगार बरा असतो आणि मान त्याहून बरा. पण खाली माणसांच्या डोक्यावरून लोखंड फिरवायचं, तर अंतराचा अंदाज पक्का लागतो, आणि त्यासाठी दोन्ही डोळे चांगले लागतात. म्हणून त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. डोळ्याला आदल्या दिवशी काहीतरी लागलंय, हे त्याने नुसतं जाता जाता सांगितलं.

मी डोळ्यांची डॉक्टर. माझा दवाखाना जुन्या जालन्यात, एका कापड दुकानाच्या वर आहे. वडील केदारखेड्याला मास्तर होते. त्यांना वाटायचं मुलगी मोठ्या शहरात जाईल, मोठं नाव काढेल. मी शहरात शिकले आणि इथे परत आले. बढाई वाटली तर वाटू द्या, पण लोखंडाने दुखावलेले डोळे मी जितके पाहिलेत, तितके माझ्या मोठ्या शहरांतल्या बॅचमेट्सनी पाहिलेले नाहीत. ते चष्मा घालवायची लेझर करतात. मला रोलिंग मिल, वेल्डिंगची दुकानं आणि ग्राइंडर पोसतात.

या कामगारांना गॉगल मिळत नाही असं नाही. मिळतो. घालतातही. पण भट्टीजवळ घामाने काच धुरकट होते, मग तो कपाळावर जातो आणि तिथेच राहतो. जालन्यातल्या एकाही कामगाराच्या कपाळाला इजा झालेली मी आजवर पाहिलेली नाही.

मला मात्र त्या दिवशी संतोषच्या नजरेपेक्षा त्याच्या कामात जास्त रस होता. पेशंटला काय होतंय हे मी नंतर विचारते. आधी विचारते, काय करत होतास.

“काही न्हाई, एक बोल्ट जाम झाल्ता. त्याचं डोकं उडवून राह्यलो होतो.”

“कशाने?”

“छिन्नीनं.”

“हातोडा कोण मारत होतं?”

“मीच की.”

“छिन्नीचं डोकं कसं होतं? फुललेलं?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “तुम्हाला कसं म्हाईत?”

फुललेली छिन्नी म्हणजे काय ते सांगते. हातोड्याचे घाव बसून बसून छिन्नीचा वरचा भाग चपटा होतो आणि त्याच्या कडा बाहेर वळून चिरतात. तिला ग्राइंडरवर घासून सारखं करायचं असतं. ते कुणी करत नाही, कारण छिन्नीची धार खालून असते आणि काम खालच्या बाजूने होतं. मग एका घावाला त्या चिरलेल्या कडेचा बारीकसा तुकडा उडतो. तो बंदुकीतून सुटल्याच्या वेगाने येतो आणि हातोडा मारणाऱ्याच्याच तोंडावर येतो.

इथे सामान्य माणसाला एक फरक कळायला हवा. ग्राइंडरचा कण डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेवर, म्हणजे कॉर्नियावर चिकटतो. भयंकर खुपतो, पाणी येतं, माणूस धावत डॉक्टरकडे येतो. आम्ही सुन्न करायचा थेंब टाकून सुईच्या टोकाने तो उचलतो. काम झालं. ग्राइंडरचा कण दारावर अडकतो, छिन्नीचा तुकडा मात्र सरळ घरात शिरतो. जखम इतकी बारीक की ती आपोआप मिटते. दुखणं तासाभरात थांबतं. नजर चांगली राहते. माणूस म्हणतो, वाचलो. आणि आत लोखंड पडून असतं.

“गॉगल होता?”

“व्हता ना.”

“कुठे होता?”

संतोषने हात वर नेला आणि ओशाळून खाली घेतला.

मी त्याला स्लिट लॅम्पवर घेतलं. हनुवटी टेकवून बसायचं ते यंत्र. डोळा मोठा करून दाखवतं. डाव्या डोळ्यात, काळ्या भागाच्या बाहेरच्या बाजूला, पांढऱ्यावर एक लाल ठिपका होता. तसा लाल ठिपका जोरात शिंकलं तरी येतो. मी बाहुली मोठी करायचं औषध टाकलं आणि आत पाहिलं. डोळ्याच्या आत कच्च्या अंड्यातल्यासारखा, पण काचेइतका स्वच्छ बलक असतो. त्या बलकात खालच्या बाजूला रक्ताचा एक बारीक धागा तरंगत होता. तुकडा काही दिसला नाही. पण शिंकेने डोळ्याच्या आत रक्त येत नाही.

“डोळ्याला कुणी हात लावला?”

“कुणीच न्हाई.”

हे उत्तर मला रोज मिळतं. काडेपेटीची काडी, रुमालाचं टोक, घडी घातलेली नोट, हे सगळं डोळ्यात फिरवून झालेलं असतं आणि तरी हात कुणीच लावलेला नसतो. मी प्रश्न बदलला.

“बरं, तुमच्या मिलमध्ये डोळे कोण बघतं?”

आता त्याला खोटं बोलावं लागत नव्हतं. उलट चेहरा जरा खुलला. “भगवानमामा. रोल टर्निंगच्या लेथवर हायेत. लई हात हलका हाय त्यांचा. आमच्या शिफ्टला कुणाच्या डोळ्यात काही गेलं की मामाच काढतेत. त्यांच्याकडं चुंबक हाय, जुन्या भोंग्याचं. साबणानं धुऊन मंग धरतेत.”

“काल धरलं?”

“धरलं. पण कण काही निघला न्हाई.”

“धरलं तेव्हा काय वाटलं? नीट आठवून सांग.”

“आतून कुणीतरी ओढल्यावानी झालं. लई खोल. मी मागंच सरकलो. मामा म्हणले, तुझा भ्रम हाय. कण असता तर चुंबकाला आला असता.”

तपासणीत जे मला दिसलं नव्हतं ते मामांच्या चुंबकाने दाखवून दिलं होतं. आत लोखंड होतं, आणि ते हललं होतं.

मी काळेसाहेबांना आत बोलावलं. काळेसाहेब सज्जन माणूस. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड, आणि कामगारांसाठी हात सैल. मी त्यांना सांगितलं की डोळ्यात तुकडा असण्याची दाट शक्यता आहे, ताबडतोब सीटी स्कॅन करायचा, आज फिटनेस मिळणार नाही.

“पण मॅडम, त्याला दिसतंय की. शेवटची ओळ वाचली म्हणे.”

“वाचली.”

“मंग?”

“मग सीटी स्कॅन.”

ते संतोषला घेऊन गाडीतून गेले. मी पुढचे पेशंट बघायला लागले. मोतीबिंदूच्या एका आजींना थेंब कसे टाकायचे ते सांगत होते, तेवढ्यात काळेसाहेबांचा फोन आला.

“मॅडम, एक विचारायचं होतं. इथं सीटीच्या ऐवजी एमआरआय करून टाकतो. त्यात बारीकातलं बारीक दिसतं म्हणतेत. खर्चाचं काही बघू नका, आपला माणूस हाय.”

आता हे वाचणाऱ्यांसाठी. एमआरआयचं यंत्र म्हणजे माणूस आत झोपेल एवढं मोठं चुंबक. मामांच्या हातातल्या चुंबकाला त्याच्यापुढे खेळणंसुद्धा म्हणता येणार नाही. डोळ्यात लोखंड असलेल्या माणसाला त्यात घातलं, तर तो तुकडा आतल्या आत फिरतो आणि वाटेत येईल ते फाडत जातो. डोळा तिथल्या तिथे जाऊ शकतो.

“संतोष कुठाय?”

“आत घेतेत आता त्याला.”

“काळेसाहेब, फोन कट करू नका. पळत जा आणि त्याला बाहेर काढा. मग बोला.”

मला बुटांचा आवाज ऐकू आला, दार आपटल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणावर तरी वैतागल्याचा आवाज आला. आजी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली माझ्या हातात तशीच होती. मग काळेसाहेब धापा टाकत फोनवर आले. “काढला. दारातच व्हता. काय झालं मॅडम?”

“तिथल्या टेक्निशियनने विचारलं नाही, अंगात लोखंड आहे का म्हणून?”

“विचारलं ना. म्या सांगितलं, बिलकुल न्हाई, कालच भगवानमामांनी चुंबक लावून चेक केलंय.”

मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांना सावकाश समजावून सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, “सीटीच करतो.” पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलताना आधी खाकरायचे.

सीटीमध्ये डाव्या डोळ्यात, तळाशी, पडद्याला टेकून एक पांढरा ठिपका दिसला. तिळाहून लहान. पडदा म्हणजे डोळ्याची मागची आतली बाजू, जिच्यावर चित्र उमटतं. मी स्क्रीनकडे बघितलं आणि, खरं सांगते, मला आनंद झाला. पेशंटच्या डोळ्यात लोखंड सापडल्यावर आनंद होणं बरं नाही हे मला कळतं. पण शेवटची ओळ वाचणाऱ्या डोळ्याला मी घरी जाऊ दिलं नव्हतं. याचा अभिमान मला तेव्हा वाटला, आजही वाटतो.

आता संतोष अडून बसला.

“मला दिसून राह्यलं, मंग कापायचं कशाला? राहू द्या ना आत. आमच्या वाटूरला एक जण लढाईवर व्हता, त्याच्या पायात छर्रा हाय अजून. चालतो की तो.”

“पायात चालतं. डोळ्यात नाही.”

“डोळा गेला तर क्रेन गेली, मॅडम. ऑपरेशन झालं कळलं की काळेसाहेब दुसऱ्याला चढवतेन. घरी बायकोला सांगून बसलो मी.”

मी मॉडेल काढलं, चित्रं दाखवली, पडदा समजावला. तो मान डोलवत होता आणि एक अक्षर आत जात नव्हतं. मग माझं डोकं ठिकाणावर आलं. मी चित्रं बाजूला ठेवली.

“तुमच्या यार्डात पावसात पडलेल्या स्क्रॅपचं काय होतं?”

“गंजतं.”

“हात लावला की?”

“हाताला लागतो गंज. कपड्याला लागला तर निघत बी न्हाई.”

“डोळ्यात काय आहे? पाणीच आहे. तिथे हा तुकडा गंजणार. तो गंज पडद्यात मुरणार. आज तू शेवटची ओळ वाचलीस. काही महिन्यांनी पहिलं अक्षर दिसणार नाही, आणि तेव्हा तुकडा काढून उपयोग नसणार. गंज धुऊन काढायचं औषध माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही.”

लोखंडात आयुष्य गेलेल्या माणसाला गंज म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तो म्हणाला, “मंग तुम्हीच करा.”

पडद्याची ऑपरेशनं मी करत नाही. आपलं काम कोणतं नाही हे ओळखणं हेही कौशल्यच आहे, आणि ते मला उत्तम येतं. संभाजीनगरला माझा एक ज्युनियर पडद्याचा सर्जन आहे, मला ताई म्हणतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, आत्ता निघा. संतोष म्हणाला, तुम्ही आलात तर येतो. बाहेर अजून पेशंट बसले होते. त्यांची माफी मागितली, दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि काळेसाहेबांच्या गाडीत बसले. काळेसाहेबांना मी वाटेत एवढंच विचारलं की क्रेनची जागा त्याच्यासाठी ठेवणार का. ते खाकरले आणि म्हणाले, “ठेवतो. तुम्ही म्हणाल तवा चढवतो.” संतोष मागच्या सीटवर होता. त्याने काही ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या संध्याकाळी ऑपरेशन झालं. मी शेजारी उभी राहून स्क्रीनवर बघत होते. सर्जनने डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सुईएवढी बारीक भोकं पाडली, आतला बलक कापून काढून घेतला, तुकड्याभोवतीचं रक्त साफ केलं. मग एक बारीक दांडी आत घातली. दांडीच्या टोकाला चुंबक होतं. ते तुकड्याजवळ गेलं आणि तुकड्याने टुणकन उडी मारली.

“ताई, आला बघा.”

तुकडा बाहेर निघाला. मग सर्जनने मला पडद्यावरची एक जागा दाखवली. तुकडा जिथे पडला होता तिथून पुढे एक बारीक ओरखडा गेला होता. तुकडा आत आल्यावर ओढला गेल्याची ती खूण होती. नजरेच्या मुख्य जागेपासून तो थोडक्यात लांब होता. त्याभोवती लेझर करून पडदा पक्का केला. आणखी जरा जोराचं चुंबक किंवा आणखी जरा जास्त वेळ, आणि गोष्ट निराळी झाली असती.

चार दिवस गेले असतील नसतील, भगवानमामा माझ्या दवाखान्यात हजर झाले. उंच, वाळलेले, मिशा पांढऱ्या, हात ग्रीसने काळे पडलेले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. खिशातून चुंबक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. माझ्या पेनांच्या डब्यातल्या क्लिपा त्याला जाऊन चिकटल्या.

“मॅडम, मिलमधी बोलून राह्यले की माझ्या हातानं पोराचा डोळा जाणार व्हता. तुम्ही म्हणलात का असं?”

“मी कुणाला काही म्हटलं नाही.”

“मंग मला सांगा. आजवर किती जणांचे डोळे म्या साफ केले, इचारा कुणालाबी. एक रुपाया घेतला न्हाई. डॉक्टरकडं जायचं म्हणजी अर्धा दिवस जातो, खाडा पडतो. म्या लंचमधी काढून देतो.”

हे खरं होतं. वरच्यावरचे कण ते काढत असत आणि बरेचदा नीट काढत असत. मी त्यांना झापायच्या तयारीत होते. तोंडही उघडलं होतं. पण त्यांनी आधी विचारलं, “तुकडा कशानं काढला?”

खोटं बोलता आलं असतं. पण मी ऑपरेशनबद्दल खोटं बोलत नाही.

“चुंबकाने.”

मामांच्या मिशा हलल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. “बघा. शेवटी चुंबकानंच निघला ना? मंग माझं चुकलं कुठं?”

मी कपाटातून ती छोटी बाटली काढली. सर्जनने तुकडा त्यात घालून माझ्याजवळ दिला होता. मामांनी ती उजेडात धरली, चुंबक बाहेरून फिरवलं. तुकडा काचेला चिकटून सरकला. “छिन्नीचाच हाय,” ते म्हणाले.

“मामा, बाटलीचं झाकण लावलेलं आहे. तुम्ही बाहेरून चुंबक धरलं. तुकडा बाहेर आला का?”

“कसा येईल? काच हाय ना मधी.”

“पण काचेवर घासला?”

“घासला.”

“संतोषच्या डोळ्याचंही झाकण मिटलेलं होतं. जखम बंद झाली होती. सर्जनने आधी दार केलं, आत जाऊन तुकड्याशेजारी चुंबक नेलं. तुम्ही बाहेरून ओढलंत. तो घासला. पडद्यावर ओरखडा आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.”

मामांनी बाटली टेबलावर ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा चुंबक फिरवलं, तुकडा काचेवरून सरकताना बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण हे त्यांना कळायलाच हवं होतं.

“दिसंल का त्याला?” त्यांनी विचारलं.

“दिसेल. वाचला.”

“मंग मी काय करायचं? कुणी डोळा धरून आला तर हातावर हात धरून बसायचं?”

“हो.”

“ते मला जमणार न्हाई.”

त्यांचं हे म्हणणं मला पटलं. काम करणाऱ्या माणसाला नुसतं ‘करू नका’ सांगितलं की तो दुसऱ्या दिवशी तेच करतो. त्याच्या हाताला दुसरं काम द्यावं लागतं. पुढच्या आठवड्यात मी मिलमध्ये गेले. काळेसाहेबांनी चहा मागवला. कागदी कपात. माझ्या हातातल्या त्या कपाकडे बघून मला सुचलं. डोळा फुटल्याची शंका असेल तर त्याच्यावर अजिबात दाब पडता कामा नये. पट्टीसुद्धा घट्ट बांधायची नाही. आमच्याकडे त्यासाठी प्लॅस्टिकची टोपी असते. मिलमध्ये ती शोधून सापडणार नाही. पण चहाचा कप शेडमध्ये कुठेही मिळतो.

मी मामांनाच खुर्चीवर बसवलं. कोऱ्या कपाचा वरचा भाग कापून उंची कमी केली, डोळ्याभोवतीच्या हाडांवर त्याचे काठ टेकवले आणि चिकटपट्टीने बसवला. “पापणी उघड-मीट करून बघा. कप डोळ्याला लागतोय?”

“न्हाई.”

“धूळ, भुसा, ग्राइंडरचा कण असेल तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि माझ्याकडे पाठवा. पण हातोडा, छिन्नी, तुटलेलं टूल, उडालेली तार, असं काही असेल तर पाणीही नको. चोळायचं नाही, पुसायचं नाही, बघायचं नाही. कप लावायचा, माणसाला बसवायचं आणि आणायचं.”

पोरं हसत होती. मामा कप लावूनच उठले आणि शेडभर फिरले. दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर महिनाभर चेष्टा झाली असती. मामांनी केलं म्हणून ते काम ठरलं. फुललेल्या छिन्न्या गोळा करून घासायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी सांगितलं नव्हतं.

संतोषचा डोळा हळूहळू सावरला. शेवटची ओळ आता त्याला येत नाही, तिच्या वरची येते. अंतराचा अंदाज घ्यायच्या सगळ्या चाचण्या मी त्याच्याकडून करून घेतल्या, एकदा नाही, परत परत. मग फिटनेस दिला. काळेसाहेबांनी शब्द पाळला. क्रेनवर पहिल्यांदा चढला तेव्हा त्याने केबिनमधून बायकोला व्हिडिओ कॉल केला आणि सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

यंदाच्या उन्हाळ्यात, दुपारी, दवाखान्याच्या जिन्यावर गडबड ऐकू आली. संतोष वर आला. त्याने एका माणसाचे दोन्ही हात मनगटाला गच्च धरले होते. त्या माणसाच्या उजव्या डोळ्यावर कागदी कप चिकटवलेला होता. कपाखाली पांढऱ्या मिशा होत्या.

“लेथवर टूल तुटलं,” संतोष म्हणाला. “मामा जवळून बघून राह्यले होते. उडून डोळ्यात बसलं. कप म्या लावला. रिक्षात सारखा हात डोळ्याकडं जाऊन राह्यला होता, म्हणून धरून आणलं. लई शिव्या दिल्या मला.”

“चोळलं?”

“न्हाई,” मामाच बोलले. “एकदाबी न्हाई. पाणीबी मारलं न्हाई. बघू बी दिलं न्हाई कुणाला.”

मी कप काढला. कॉर्नियावर आडवा कट होता आणि डोळ्यातला रंगीत भाग त्या फटीत येऊन अडकला होता. डोळा जखमेवर स्वतःचंच बूच बसवतो ते असं. कुणी रुमालाने पुसलं असतं, पाण्याचा झोत मारला असता, मामांनी स्वतः बोट लावलं असतं, तर ते बूच निघालं असतं आणि आतलं सगळं बाहेर आलं असतं. तसं झालेले डोळे मी काढून टाकलेत. हा डोळा मात्र टूल लागलं त्या क्षणी जसा होता तसाच माझ्यासमोर आला होता. आत तुकडा राहिला नाही ना, ते सीटी करून बघितलं. नव्हता.

हे काम माझं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं, मायक्रोस्कोपखाली रंगीत भाग अलगद आत ढकलला आणि जखम शिवली. त्या टाक्यांचा धागा केसाहूनही बारीक असतो, आणि प्रत्येक टाका सारख्या ताणाचा लागतो. एक घट्ट, एक सैल झाला की डोळ्याची काच वाकडी होते आणि माणसाला आयुष्यभर वेडंवाकडं दिसतं. माझे हात आता पन्नाशीच्या पुढचे आहेत. त्या दिवशी ते मुळीच हलले नाहीत.

काही आठवड्यांनी मामांना चष्म्याने चांगलं दिसायला लागलं. त्यांनी माझ्याकडे डोळ्याचा मोठा केलेला फोटो बघायला मागितला. मी स्क्रीनवर दाखवला. आयुष्यभर लेथवर रोल घासून गोल करणारा माणूस तो. खुर्ची पुढे ओढून एकेक टाका बघत बसला. मधली अंतरं बघितली, गाठी बघितल्या. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

“बराबर बसवलेत,” मामा म्हणाले. “हात चांगला हाय तुमचा.”

कॉलेजात मला मेडल मिळालं होतं. ते आईच्या कपाटात आहे आणि मी त्याच्याकडे कधी बघत नाही. मामांचं हे वाक्य मात्र मी आजवर निदान वीस जणांना तरी ऐकवलंय. तुम्ही एकविसावे.

पण खरं श्रेय कुणाचं, हे मला पक्कं माहीत आहे. आपला डोळा फाटलेला असताना, अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या डोळ्यांत बोटं घातलेला तो माणूस हात आवरून बसला, आणि संतोषने ते हात धरून ठेवले. त्या दोघांनी डोळ्याला काही केलं नाही, म्हणून मला करायला काहीतरी उरलं.